जांभळटेकचे अकरा पहिले संगणक

भरे गाव ओलांडून डोंगराच्या अंगाला वळलं की आमचं जांभळटेक लागतं. गावाला एकशे चाळीस उंबरे आहेत, एक ग्रामपंचायत आहे आणि पंचायतीत संगणक परिचालकाचं एक पद आहे. ते पद कायमस्वरूपी भरावं, असं पत्र वरच्या कार्यालयातून आलं. त्यानंतर गावात जे झालं ते कोणाच्याही चुकीमुळं झालं नाही, हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं. सगळं नियमानं झालं.

चौदा वर्षं त्या खुर्चीवर गौतमी बसत होती, मानधनावर. जयसिंगआबांची एकुलती लेक. गावातल्या माणसाच्या जन्माचा दाखला तिच्या बोटांतून निघायचा, मृत्यूचाही तिच्याच, आणि मधल्या काळात माणसाला जे जे सिद्ध करत बसावं लागतं तेही तिच्याच. दर मार्चअखेर तिची नेमणूक संपायची आणि एप्रिलात नव्यानं सुरू व्हायची. मधले तीन दिवस ती कागदोपत्री अस्तित्वात नसायची. दाखले मात्र निघत असत. त्यामुळं पद कायम होणार हे वाचल्यावर ती त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. पंचेचाळिसाव्या वर्षी तिला एवढंच हवं होतं, की एक एप्रिलला आपण कोण, हे दुसऱ्या कोणाला विचारायला लागू नये.

अट पत्राच्या मागच्या पानावर होती. 'प्रथम संगणक स्मृती अभियाना'नुसार, गावात सर्वांत आधी ज्या कुटुंबानं स्वतःचा संगणक घेतला, त्या कुटुंबातल्या व्यक्तीला या पदासाठी प्राधान्य होतं. अशा घरात 'संगणकीय संस्कार' आपोआप झालेले असतात, असं पत्राचं म्हणणं होतं. वयाची अट शिथिल होती. परीक्षा नव्हती, संस्कारांची परीक्षा घेण्याची आपल्याकडं पद्धत नाही. अर्जासोबत पहिल्या संगणकाची आठवण दीडशे शब्दांत लिहून द्यायची होती आणि पुरावा जोडायचा होता.

गौतमी हसली. पहिला संगणक तिच्याच घरी आला होता. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, असं तिला वाटलं. तिथंच ती चुकली. शेंबड्या पोराला अधिकृत पुरावा मानत नाहीत.

ती हकिकत अशी. नव्याण्णव साली कारखान्यांसाठी आमच्या बाजूच्या जमिनी गेल्या. पहिल्या घरानं जीप घेतली. दुसऱ्यानं जीप घेतली. तिसऱ्यानं आधीच्या दोघांपेक्षा लांब जीप घेतली. चौथे जयसिंगआबा. त्यांना अशी वस्तू हवी होती, जी कोणाकडं नाही आणि जिचा उपयोग काय, असं विचारायची कोणाची छाती होणार नाही. पुण्याहून टेंपोतून संगणक आला. वेशीवर त्याला ओवाळलं, त्याच्यावरून भाकरतुकडा टाकला आणि तो देवघरात बसवला, कारण घरात धूळ नसलेली खोली ती एकच. दृष्ट लागू नये म्हणून दुकानाची पावती आबांनी त्याच्या डब्याच्या कपाळी चिकटवली. दसऱ्याला विळा, कोयता, नांगर यांच्या शेजारी त्याची पूजा होई. डब्याला डाग पडू नयेत म्हणून कुंकू पावतीला लावत.

त्याला हात लावायची मनाई होती. एकोणीस वर्षांच्या गौतमीला मात्र तो पुसायची परवानगी होती. ती पुसता पुसता शिकली. कळा पुसताना अक्षरं शिकली, पडदा पुसताना त्यावर काय उमटतं ते शिकली. मुळशीच्या धरणाचं पाणी वीज होऊन मुंबईला जातं; जाता जाता सवड मिळाली तर आमच्याकडं डोकावतं. जेवढा वेळ ती वीज घरात थांबायची, तेवढा वेळ गौतमी पुसत बसायची. वर्षभरात तिला मराठी टाइप यायला लागलं. आबांनी ते गावभर सांगितलं, ते असं: "आमच्या कॉम्प्युटरला मराठी येतं."

तिची आई रंभाबाई ओव्या रचायची. जातं गेल्यावर ती मिक्सरवर म्हणायची, त्यामुळं कोणाला ऐकू जात नसत. त्यातली एक आम्ही मिक्सर बंद झाल्याच्या क्षणी ऐकली आहे:

*पेटीच्या पोटामंदी अक्षरांची खाण*
*बोटानं उकरी लेक, बाप मिरवी मान*

आता संगणकाचा गावाला खरा उपयोग कसा सापडला, ते सांगायला हवं. शेजारच्या कैलासला बघायला मुलीकडचे येणार होते. कैलास बारावी नापास. पण त्या काळी जमिनी विकलेल्या सगळ्याच घरांत जीप आलेली, त्यामुळं जीप दाखवून मुलीचा बाप वळत नसे. कैलासची आई जयसिंगआबांकडं आली आणि लग्नात परात मागावी तशी म्हणाली, की दोन तास कॉम्प्युटर द्या, पाव्हणं गेलं की आणून ठेवते. आबांनी दिला. शेजारधर्म होता, आणि आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात ठेवली की जास्त उठून दिसते, हेही होतं.

गौतमी मागच्या दारानं गेली, वायरी जोडल्या आणि पाव्हण्यांना दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात बसली. पुढं कैलास माऊसवर तळहात ठेवून बसला, पिंडीवर ठेवावा तसा. काही न करता दहा मिनिटं गेली, की त्या पडद्यावर आपोआप रंगीत नळ्या वाढू लागत. इकडून तिकडं, वर, खाली, आडव्या. मुलीच्या बापानं विचारलं, हे काय चाललंय? कैलास गंभीरपणे म्हणाला, "गावच्या नळयोजनेचं काम हाय. माझ्याकडंच दिलंय." बापानं तिथंच सुपारी फोडली. निघताना एक फोटो काढला: कैलास, संगणक, नळ्या.

त्यानंतर ही रीतच पडली. मुलगा दाखवायचा तर आधी संगणक आणायचा. रंभाबाईनं त्यावरही जोडलं:

*पाव्हणं आलं बाई, जीप लागली पाराला*
*टीव्हीची धाकली बहीण चालली शेजाराला*

पाच वर्षांत अकरा घरांत तो जाऊन आला. अकरा लग्नं जमली. अकरा मुलांची माहितीपत्रकं गौतमीनंच टाइप केली आणि प्रत्येकात 'घरची परिस्थिती' या शब्दांपुढं 'स्वतःचा संगणक' असं लिहिलं, कारण तसं लिहायला सांगितलं होतं. सुना घरी आल्या आणि त्यांनी संगणक कुठं आहे म्हणून विचारलं. तो दुरुस्तीला पुण्याला गेला आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. अकरा घरांतला संगणक आजही दुरुस्तीला आहे. आमचं घर त्यात सातवं. आमच्या फोटोत आम्ही डोळे मिटले आहेत, पण संगणक स्पष्ट आला आहे.

तर पत्र आलं आणि अर्ज आले. बारा आले. बारावा गौतमीचा. आधीचे अकराही तिनंच टाइप केले, कारण अर्ज संगणकीकृत असावा अशी अट होती आणि गावात टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं. लोक समोर बसून आठवण सांगत, ती ऐकून घेई. आम्हीही सांगितली. 'नव्याण्णव सालची ती रम्य सकाळ' अशी सुरुवात केली, तेव्हा तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं. "सकाळ न्हवती, दादा. तुमचं बघनं दुपारचं व्हतं," असं म्हणाली आणि सकाळ असंच टाइप केलं. कैलासनं तर आठवण सांगता सांगता डोळे पुसले. सव्वीस वर्षं एखादी गोष्ट सांगत राहिलं की ती खरी होत नाही, पण आपल्याला तिचं रडू येऊ लागतं.

चौकशीला बंडोपंत साहेब आले. तपासणी अधिकारी. शांत, स्वच्छ, नियमाबाहेर पापणीही न हलवणारे. ते पहिल्यांदा जयसिंगआबांच्या घरी स्थळपाहणीला गेले. संगणक देवघरातच होता, रंभाबाईच्या जुन्या इरकलीच्या झाकणाखाली. साहेबांनी पावती पाहिली. पंचवीस दसऱ्यांच्या कुंकवाखाली तारीख, नाव, दुकान, सगळं सौभाग्यवती झालं होतं. 'दिनांक वाचनीय नाही,' असं त्यांनी नोंदवलं.

गौतमी म्हणाली, थांबा, चालू करून दाखवते. तिनं बटण दाबलं. डबा घरघरला, खाकरला, आणि काचेवर हळूहळू उजेड आला, डोंगराआडून यावा तसा. रंभाबाईनं पदर डोळ्याला लावला. साहेबांनाही क्षणभर बरं वाटलं असावं. मग ते सावध झाले.

"हा चालतो?" त्यांनी विचारलं.

"चालतो, साहेब. मी जपलाय."

"इतका जुना संगणक चालू असणं संभवत नाही. त्याअर्थी तो इतका जुना नसावा."

त्यांनी तसं लिहून घेतलं. कैलासच्या घरी मोकळं टेबल होतं. संगणक दुरुस्तीला गेल्याचं सांगितल्यावर साहेबांनी मान हलवली. बिघडलेला असणं हे त्या काळाशी सुसंगत होतं.

सुनावणी पंचायतीच्या हॉलमध्ये झाली. साहेबांनी कामकाज तोंडी सांगायचं आणि परिचालकानं ते टाइप करायचं, असा नियम. परिचालक गौतमीच. त्यामुळं ती स्वतःच्या प्रकरणात अर्जदारही होती आणि स्वतःविरुद्ध जे बोललं जाईल ते बिनचूक उतरवून घ्यायला बांधीलही होती. बाकावर अकरा घरं बसली होती, बायकांसकट. भिंतीला टेकून जयसिंगआबा.

आधी फोटो तपासले. अकरा घरांचे अकरा फोटो. प्रत्येकात संगणक, प्रत्येकात नळ्या. बाराव्या घराचा एकही फोटो नाही. साहेबांनी विचारलं, तुमच्या घरी संगणक होता तर तुमचा त्याच्यासोबत फोटो कसा नाही? गौतमी म्हणाली, फोटो काढताना मी स्वयंपाकघरात असायची. कोणाच्या? यांच्या. म्हणजे संगणक यांच्याकडं होता? व्हय, आमचाच, मागून न्हेलेला. साहेबांनी 'संगणक यांच्याकडे होता, हे अर्जदारास मान्य' एवढं सांगितलं. गौतमीनं एवढंच टाइप केलं.

मग कैलासची बायको अपेक्षा, हिची साक्ष. ती उभी राहिली तेव्हा कैलासनं तिच्याकडं असं पाहिलं, की घरी गेल्यावर बोलू. तिनं ते पाहिलं आणि पदर खोचला.

"बघायला आले तवा व्हता, साहेब. अक्षता पडल्या आन दुरुस्तीला गेला. सव्वीस वर्सं टेबल पुसतीया मी. नळ बी दावलं व्हतं वडलांना माज्या. ते बी दुरुस्तीलाच हायेत का, इचारा जरा ह्यास्नी."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुरुषांनी पंख्याकडं पाहिलं. साहेबांनी सांगितलं: 'लग्नापूर्वी संगणक सासरी असल्याचे व सध्या तो दुरुस्तीस असल्याचे पत्नीने मान्य केले.' गौतमीची बोटं कळांवर पडत राहिली. अपेक्षानं तिच्याकडं पाहून जीभ चावली.

आता एकच माणूस उरला होता. साहेबांनी जयसिंगआबांना विचारलं, तुम्ही तुमचा संगणक गावात कोणाला वापरायला देत होता का? हो म्हणायचं, इतकंच काम होतं. आबांनी बाकांकडं पाहिलं. तिथं अकरा घरं होती. अकरा सुना, त्यांच्या पोरी आता उजवायला आलेल्या, त्यांना बघायला पाव्हणे यायचे. आबांनी एक हो म्हटलं असतं, तर गावातले अकरा संसार खोट्यावर उभे असल्याची सरकारदरबारी नोंद झाली असती. आम्ही त्यांच्याकडं हात जोडून पाहत होतो. हात मांडीखाली होते, पण जोडलेले होते.

"शेजारधर्म असतोय, साहेब," आबा म्हणाले. "कुनी काय न्हेलं, आता ध्यानात न्हाई."

गौतमीनं टाइप करणं थांबवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"ध्यानात न्हाई, आबा, का सांगायचं न्हाई?"

"पोरी, अकरा घरं हायेत."

"आन बारावं कुनाचं हाय?"

आबांनी टोपी सारखी केली. याला गावात भारदस्तपणा म्हणतात.

तरीही साहेबांच्या मनात थोडी शंका होती; माणूस प्रामाणिक होता. तेव्हा कैलास उठला आणि त्यानं खिशातून घडी केलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. तो पुरावा क्रमांक बारा. दोन हजार तीन सालचं गौतमीच्या लग्नासाठीचं माहितीपत्रक. तेव्हा स्थळ सुचवायला म्हणून आबांनी घरोघर वाटलं होतं. मुलीला संगणक येतो म्हटलं तर ती डोईजड वाटते, असं भावकीनं सांगितलं होतं. त्यामुळं गौतमीला बघायला पाव्हणे येत, तेव्हा तिच्या घरचा संगणक उचलून कैलासच्या गोठ्यात लपवून ठेवत. असे तीन पाव्हणे आले. तिसरा मुलगा आमच्याकडं कॉम्प्युटर आहे म्हणाला, तर ही पोहे देता देता बोलून गेली की कुठल्या बनावटीचा, मेमरी किती? मुलाची आई पोहे टाकून उठली. त्यानंतर चौथा आला नाही.

साहेबांनी कागद वाचला. छंद: विणकाम, रांगोळी, भक्तिगीते. त्याखाली, ठळक अक्षरांत: 'मुलीस संगणक येत नाही.' खाली सही गौतमीची.

"हे तुम्ही लिहून दिलं आहे?"

"आबांनी सांगितलं, मी लिहिलं."

साहेबांनी आबांकडं पाहिलं. हे मात्र आबांच्या ध्यानात होतं. "व्हय," ते म्हणाले. "मीच सांगितलं व्हतं."

गौतमी खुर्चीत सरळ झाली. "साहेब, तो कागद हातानं लिवलेला न्हाई. छापलेला हाय, कॉम्प्युटरवरचा. संगणक येत न्हाई हे टाइप कुनी केलं, तेवढं इचारा."

साहेबांनी नमुना वरपासून खालपर्यंत पाहिला. मागची बाजूही पाहिली.

"टाइप कोणी केलं, हा रकाना नमुन्यात नाही," ते खेदानं म्हणाले. खेद खरा होता. मग त्यांनी निष्कर्ष सांगितला: 'अर्जदार क्रमांक बारा यांना संगणक येत नसल्याचे त्यांच्याच स्वाक्षरीच्या लेखी पुराव्यावरून सिद्ध होते.' गौतमीनं ते वाक्य एकाही चुकीशिवाय टाइप केलं. पूर्णविरामसुद्धा दिला.

अकरा जणांत कैलासचा फोटो सर्वांत आधीचा, म्हणून पद कैलासला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमचाही अर्ज होता, पण गावाची अब्रू राहिली होती. कैलासनं लगोलग येऊन गौतमीला मोठ्या मनानं सांगितलं, की तू यायचं बंद करू नको, वर्ष-दोन वर्षं मला जरा दाखवत जा, घरचंच आहे. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बाई, नेमणुकीचा आदेश तेवढा टाइप करून घ्या. मी सही करतो आणि निघतो."

गौतमीनं दोन्ही हात कळांवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

"मला येत न्हाई, साहेब."

"काय येत नाही?"

"टाइप. पुरावा क्रमांक बारा बघा. आत्ताच सिद्ध झालंय, तुमच्याच तोंडानं."

तिनं जेवणाचा डबा खांद्याच्या पिशवीत टाकला, चप्पल घातली आणि ती गेली. रंभाबाई दारात उभी होती. दोघी शेताच्या वाटेला लागल्या. मागं हॉलमध्ये पंखा फिरत होता आणि त्याखाली एक अधिकारी, एक नियुक्त परिचालक आणि अकरा संगणकीय संस्कारांची घरं पडद्याकडं पाहत उभी होती.

त्याला आता सात आठवडे झाले. हातानं लिहिलेला आदेश ग्राह्य नाही, बाहेरून टाइप करून आणलेलाही नाही, म्हणून कैलासची नेमणूक झालेली नाही. नेमणूक झालेली नाही, म्हणून ती रद्द करून दुसरा माणूस नेमता येत नाही. कैलास रोज खुर्चीवर बसतो आणि माऊसवर तळहात ठेवतो. दाखले बंद आहेत. गावात दोन जन्म झाले, ते अजून झालेले नाहीत. एक म्हातारा वारला, तो कागदावर जिवंत आहे.

सुरुवातीला सगळे गौतमीकडं गोड बोलायला गेले. तिनं चहा दिला आणि येत न्हाई म्हणून सांगितलं. मग बोलणी बदलली. अंगात मस्ती आली, लग्न न झालेली बाई अशीच, बापाचं नाव घालवलं. शेवटी आम्ही अकरा घरांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली आहे, हातानं लिहून. 'सदर बाईस संगणक उत्तम येतो. गेली सव्वीस वर्षे गावातील सर्व कागद तीच टाइप करीत आहे, याचे आम्ही प्रत्यक्ष साक्षीदार आहोत. तरीही येत नाही असे खोटे सांगून ती गावाची अडवणूक करीत आहे.' खाली अकरा सह्या आहेत. जयसिंगआबांचीही घेतली. हे सगळं त्यांच्या ध्यानात होतं.

इथवर वाचताना तुम्ही गौतमीच्या बाजूचे होता, हे आम्हाला ठाऊक आहे. चांगली माणसं असता तुम्ही. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आमच्या डोंगराला दोन-दोन गुंठे घेऊन ठेवलेत, वीकएंडला हवा खायला. त्या घराचा उतारा आमच्या पंचायतीतूनच निघतो, आणि तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यात वरून नववा आहे. आता मनात आलं ना, की एवढं कशाला ताणायचं, एक कागद टाइप करून दिला असता तर काय बिघडलं असतं?

तक्रारीचा कागद पंचायतीत टेबलावरच ठेवला आहे. बाराव्या सहीखाली जागा सोडली आहे. पेन आम्ही देऊ.